पूर ओसरतो, ओल राहते

महाराष्ट्रात पूर मोजण्याची मापे ठरलेली आहेत. सांगलीत तो आयर्विन पुलापाशी फुटांत मोजला जातो, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी, आणि चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेतील कोणत्या दुकानाच्या कितव्या पायरीपर्यंत चढले यावरून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची ४५ फुटांची रेषा मागे टाकून पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष त्या आकड्याकडे लागले होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हाही तेच झाले. मग पाणी उतरू लागते. पाण्याबरोबर आकडा उतरतो, आकड्याबरोबर बातमी उतरते, आणि बातमीबरोबर आपली आस्थाही उतरते. नदी पात्रात गेली, आता पूर संपला, असे आपण एकमेकांना सांगतो.

तो संपलेला नसतो. नदीत परत जाते ते केवळ मोकळे पाणी. भिंतीच्या विटांत, जांभ्याच्या चिऱ्यांत, दाराच्या चौकटींत, गाद्यांच्या कापसात आणि कपाटातील कागदांत शिरलेले पाणी तेथेच मुक्काम करते. त्याला मोजायला पूल नाही आणि धोक्याची रेषाही नाही. चिखल काढून झाला, फरशी धुऊन झाली, आप्तस्वकीय येऊन हळहळून गेले, की त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी भिंतीवर काळे ठिपके उमटू लागतात, कपाटाचे दार फुगून बसेनासे होते, वह्यांची पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा बनतात, आणि घरातील लहान मूल रात्री खोकू लागते. हा पुराचा दुसरा अंक होय. पहिल्या अंकापेक्षा तो लांब चालतो, परंतु त्याला प्रेक्षक नसतात.

पंचनाम्यात नसलेला रकाना

आपली मदतीची सारी व्यवस्था पहिल्या अंकासाठी रचलेली आहे. २०१९ साली घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असले पाहिजे ही मदतीची अट मोठ्या वादाचा विषय झाली होती. वाद अटीच्या कठोरपणावर झाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या अटीमागे गृहीत धरलेल्या एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नुकसान हे पाणी घरात किती तास उभे होते यावर ठरते, असे ते गृहीत होते. वास्तविक, एक दिवस पाण्यात राहून आठवड्याभरात वाळलेले घर आणि तितकाच वेळ पाण्यात राहून दिवाळीपर्यंत ओले राहिलेले घर, यांचे नुकसान सारखे नसते. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांची मदत व पुनर्बांधणी योजना जाहीर केली. कपडे, भांडी, दुकान, टपरी, पडलेले घर, शेतजमीन यांचा विचार अशा योजनांत असतो. न पडलेले, पण न वाळलेले घर कोणत्या रकान्यात लिहावयाचे? पंचनामा करणारा तलाठी भिंत उभी आहे असे पाहतो आणि पुढच्या घराकडे वळतो. त्याचा दोष नाही. त्याच्या हाती दिलेल्या कागदावर ओलीचा रकानाच नाही.

या प्रश्नाची सर्वांत बोलकी साक्ष चिपळूणनेच दिलेली आहे. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ सालची संस्था. २०१३ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद तिने भूषविले. या ग्रंथालयात २००५ साली पुराचे पाणी शिरले, आणि २०२१ साली पुन्हा शिरले. भिजलेल्या पुस्तकांचे ढीग रस्त्यावर आले. ते पाहून अनेकांचे डोळे पाणावले; मदतही झाली, नवी पुस्तके आली. परंतु नवी पुस्तके आली म्हणून जुनी परत येत नाहीत. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत बाजारात नाही, ते गेले ते गेलेच. पुरात सापडलेल्या कोणत्याही ग्रंथालयाच्या बाबतीत मनाला टोचणारा प्रश्न असा की, त्या ढिगातील किती पुस्तके पाण्याने गेली, आणि किती पुस्तके पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यात, केवळ वाळवता न आल्यामुळे गेली?

यंत्र आले, पण कशासाठी?

यावर हल्ली एक उत्तर तत्परतेने दिले जाते. हवेतील बाष्प शोषून घेणारी यंत्रे आता निघाली आहेत, ती आणावीत. डीह्युमिडिफायर या नावाचे हे यंत्र आता मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळते, मोठी यंत्रे भाड्यानेही मिळतात. पाश्चात्त्य देशांत तर पाण्याने बिघडलेली घरे वाळवून देणे हा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला असून त्याचे लेखी मानदंडही ठरलेले आहेत. तेव्हा यंत्र आणावे हे म्हणणे रास्त आहे. परंतु यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे समजून न घेता ते आणले, तर शासकीय गोदामात धूळ खात पडलेल्या उपकरणांत आणखी एकाची भर पडेल, एवढेच.

या यंत्राचा जन्म कागदाशी निगडित आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे व आकसे आणि रंगीत छपाईत एका रंगाचा ठसा दुसऱ्यावर नेमका बसत नसे. ती अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील बाष्प ताब्यात ठेवणारी योजना आखली. आज ज्याला आपण वातानुकूलन म्हणतो त्याचा उगम तेथे आहे. माणसाला गार वाटावे हा त्यात मूळ हेतू नव्हता. कागद स्थिर राहावा हा होता.

यंत्राचे तत्त्व पाण्याने भरलेल्या गार तांब्याइतके साधे आहे. तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, कारण गार पृष्ठभागाला टेकलेली हवा आपले बाष्प सोडून देते. यंत्रातील पंखा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून ओढतो, बाष्पाचे पाणी होऊन ते खालच्या बादलीत पडते, आणि कोरडी झालेली हवा गरम नळ्यांवरून जाऊन खोलीत परत येते. दुसऱ्या एका प्रकारात थंड नळ्यांऐवजी सिलिका जेलसारख्या बाष्पशोषक द्रव्याचे फिरते चाक असते. थंड प्रदेशात, जेथे नळ्यांवर बर्फ धरते, तेथे हे चाक उपयोगी पडते. आपल्या उबदार हवेत पहिला प्रकार बहुधा पुरेसा ठरतो.

पाटीवरचा आकडा

यंत्राच्या पाटीवर ‘दिवसाला ५० लिटर’ असा आकडा लिहिलेला असतो. ग्राहक तो आकडा पाहून यंत्र घेतो. पण हा आकडा सामान्यतः ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेतला असतो. म्हणजे हवा बाष्पाने जवळजवळ ओथंबलेली असताना यंत्र किती पाणी काढते, हे त्यातून कळते. तेच यंत्र २७ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत साधारण निम्मेच पाणी काढते. अमेरिकेत २०१९ साली घरगुती यंत्रांच्या सरकारी चाचणीचे तापमान ८० अंश फॅरनहाइटवरून ६५ वर आणण्यात आले, तेव्हा बाजारात काल ‘७० पिंट’ म्हणून विकले जाणारे यंत्र आज ‘५० पिंट’ या पाटीने विकले जाऊ लागले. यंत्र तेच होते, त्याचे सामर्थ्यही तेच होते. बदलली होती ती फक्त परीक्षा. शिक्षकवर्गाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. प्रश्नपत्रिका सोपी असली की गुण वाढतात, म्हणून विद्यार्थी हुशार झाला असे आपण मानीत नाही.

परंतु खरा घोटाळा याहून पुढे आहे, आणि तो बादलीत आहे. यंत्र चालते की नाही हे लोक बादलीवरून ठरवितात. बादली भरली की समाधान, रिकामी राहिली की तक्रार. यात मोठी फसगत आहे. एक साधे गणित मांडून पाहू.

पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोली घ्या. तिच्यात ६० घनमीटर हवा आहे. पावसाळ्यातील कोकणची हवा, २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची, दर घनमीटरला सुमारे साडेचोवीस ग्रॅम बाष्प बाळगते. म्हणजे त्या साऱ्या खोलीच्या हवेत मिळून बाष्प किती? जेमतेम दीड लिटर पाणी होईल इतके. आता भिंतीकडे पाहू. पाणी केवळ एक मीटर चढले होते असे धरले, तर नऊ इंची भिंतींचा जो भाग बुडाला त्यात दारे वगळून सुमारे अठराशे विटा येतात. वीट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत पाणी पिऊ शकते. आपण हात राखून प्रत्येक विटेत फक्त पाव लिटर धरू. तरी ते पाणी साडेचारशे लिटर भरते! हवेत दीड लिटर, भिंतीत साडेचारशे. यंत्र काम करते हवेवर. रोग आहे भिंतीत.

आता त्या खोलीची एक खिडकी किलकिली ठेवली आणि तासाभरात खोलीतील हवा एकदा बदलली असे समजू. खोली आपल्याला ३० अंश आणि ५० टक्क्यांवर आणावयाची आहे. बाहेरून येणारा हवेचा प्रत्येक घनमीटर नऊ ग्रॅमांहून अधिक जादा बाष्प घेऊन आत येतो. दिवसाकाठी ते सुमारे साडेतेरा लिटर होते. कौलारू घरात, जेथे कौलांच्या फटींतून वारा खेळता असतो, तेथे तासाला पाच वेळा हवा बदलली तर हाच आकडा ६५ लिटरांच्या वर जातो. पाटीवरचे ५० लिटरांचे यंत्र आपली सारी शक्ती खर्च करूनही ते बाष्प पुरते उपसू शकत नाही. बादली मात्र दिवसातून चार वेळा भरते! घरमालक कौतुकाने ती मोरीत ओततो आणि यंत्राची थोरवी शेजाऱ्याला सांगतो. त्याच्या घराची भिंत आहे तशीच आहे. त्याने वाळविले ते कोकणचे आकाश.

उलट, खोली नीट बंद केली, दारे-खिडक्यांच्या फटींवर कागद वा प्लास्टिक लावले, वर ताडपत्रीचे छत धरले, आणि भिंतीवरून हवा फिरविण्यासाठी पंखे लावले, तर हवा लवकर कोरडी होते, कोरडी हवा भिंतीतून पाणी ओढते, आणि बादलीत दिवसेंदिवस कमी पाणी पडू लागते. अजाण माणसाला वाटते, यंत्र बिघडले. वास्तविक तेव्हाच ते खरे काम करीत असते. बादली हा यशाचा पुरावा नव्हे, भिंत हा पुरावा आहे. आणि भिंत तपासण्यासाठी ओलावा मोजण्याचे एक हातात मावणारे उपकरण लागते, ज्याची किंमत यंत्राच्या मानाने किरकोळ असते. पाश्चात्त्य देशांतील जाणते कारागीर रोज भिंतीवरील ठरावीक ठिकाणच्या ओलाव्याची नोंद ठेवतात, आणि ती नोंद सांगेल तेव्हाच यंत्र हलवितात. आपल्याकडे यंत्र आले तरी ही नोंदवही येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

घाईचे फळ

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. भिंत आपले पाणी आपल्या गतीनेच देते. पृष्ठभागावरचे पाणी लवकर उडते. आतले सूक्ष्म छिद्रांतून झिरपत बाहेर यावे लागते. गवंड्यांचा एक जुना ठोकताळा असा की, भिंतीला इंचामागे एक महिना. या हिशेबाने जुलैत भिजलेली नऊ इंची भिंत एप्रिलमध्ये वाळते, आणि जूनमध्ये पुढचा पावसाळा दारात उभा असतो. यंत्राने हा काळ कमी होतो, पण शून्यावर येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पुरानंतर दोन महिन्यांत गणपती-दसऱ्याच्या निमित्ताने लोक भिंतींना गिलावा करून तैलरंग देतात. ओल आत कोंडली जाते. वर्षाच्या आत रंगाचे पापुद्रे सुटतात, लोणा फुटतो आणि खर्च दुप्पट होतो. मदतीचे पैसे हाती आल्याबरोबर जे पहिले काम केले जाते, तेच नेमके सर्वांत शेवटी करावयाचे काम असते.

फार जलद वाळवणेही घातक, हे जगाला इटलीतील फ्लॉरेन्स शहराने शिकविले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीने ते शहर बुडविले. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागद चिखलात गेले. देशोदेशींचे तरुण धावून आले आणि हातोहात साखळी करून त्यांनी ग्रंथ वर काढले. वाळवण्यासाठी तंबाखूच्या भट्ट्या आणि विटांच्या भट्ट्याही वापराव्या लागल्या, त्यात ग्रंथ वाचले. पण अति उष्णतेने कित्येकांची कातडी बांधणी आकसली आणि पाने वाकडी झाली. याच्या उलट, लाकडी फळ्यांवरची जुनी चित्रे बोबोली उद्यानातील लिंबाच्या झाडांसाठी बांधलेल्या मोठ्या दालनात नेण्यात आली. तेथे हवा मुद्दाम दमट ठेवून तिची आर्द्रता अतिशय सावकाश उतरविण्यात आली. कारण लाकूड एकदम वाळले असते तर ते तडकून रंग गळून पडला असता. वसारीचे ‘अखेरचे भोजन’ हे चित्र तर सुधारून सांता क्रोचेच्या वास्तूत परत यायला २०१६ साल उजाडले. पूर एका दिवसाचा होता, त्याची निस्तरणी पन्नास वर्षांची झाली.

त्यानंतरच्या अनुभवांनी आणखी एक धडा दिला, आणि तो आपल्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. भिजलेला कागद दोन-तीन दिवसांत वाळला नाही तर त्यावर बुरशी धरते. एवढ्या अवधीत हजारो पुस्तके वाळविणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. मग करायचे काय? ती गोठवून ठेवायची. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही. पुढे सवडीने ती निर्वात पेटीत वाळविता येतात, जेथे बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते. १९७२ च्या पुरात अमेरिकेतील कॉर्निंग येथील काचवस्तूंच्या संग्रहालयाची पुस्तके अशीच गोठविण्यात आली. १९७३ च्या जुलैत सेंट लुई येथे सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला आग लागली, आणि आग विझविण्याच्या पाण्याने लाखो फायली भिजल्या. त्या वाळविण्यासाठी मॅक्डॉनेल डग्लस या विमान कारखान्यातील, अंतराळासारखी पोकळी निर्माण करणारी प्रचंड पेटी वापरण्यात आली. निवृत्त शिपायाच्या निवृत्तिवेतनाचा कागद वाचावा म्हणून अवकाशयानाची साधने कामी लावली गेली, हे आपल्या कारकून बंधूंनी लक्षात ठेवावे असे आहे. आणि १९८८ साली लेनिनग्राडमधील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली, तेव्हा यंत्रे कमी पडली म्हणून सामान्य नागरिकांनी ओली पुस्तके घरी नेऊन, दोऱ्यांवर टाकून वाळवून परत आणून दिली.

आपल्या हाती काय आहे?

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे म्हणून हा विषय झटकता येईल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मध्यम आकाराचे एक यंत्र अहोरात्र चालले तर दिवसाला पंधरा-वीस युनिट वीज खाते, आणि पुरानंतरचे पहिले काही दिवस वीजच नसते. कुडाच्या घरात राहणाऱ्या मजुराला बंद खोली कोठून आणावी? प्रत्येक पूरग्रस्त घराला यंत्र द्या, ही मागणी म्हणूनच हास्यास्पद ठरेल. ती कोणी करूही नये. कोकणातल्या घराला वाळविणारे सर्वांत मोठे यंत्र आश्विन-कार्तिकातले ऊन हेच आहे, आणि उद्याही तेच राहील.

पण ज्या वस्तू आश्विनापर्यंत थांबू शकत नाहीत, त्यांचे काय? शाळेचे जनरल रजिस्टर, ज्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या जन्मतारखा आणि जाती नोंदलेल्या आहेत, तहसील कचेरीतील फेरफाराची जुनी पाने, कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक, ग्रंथालयातील दुर्मीळ पुस्तक, दवाखान्यातील उपकरणे. यांच्यासाठी साऱ्या गावाला नव्हे, गावातील एका खोलीला यंत्र लागते. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथी जपण्याची विनवणी करून ठेवीत. ज्यांच्यापाशी ऊन आणि धूर यांखेरीज साधन नव्हते, त्यांना ही काळजी होती. आपल्यापाशी साधन आहे आणि काळजी नाही, हा काळाचा महिमा म्हणावयाचा काय?

तेव्हा करण्यासारख्या गोष्टी चार आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पहिली, पंचनाम्यात ओलीचा रकाना यावा. पाणी ओसरल्यानंतर महिन्याने व तीन महिन्यांनी भिंतीचा ओलावा मोजून त्याची नोंद व्हावी, आणि मदतीचा एक हप्ता त्या नोंदीशी जोडला जावा. दुसरी, वारंवार पूर येणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यात दहा-वीस मोठी यंत्रे, पंखे, ताडपत्री आणि जनित्र यांचा एक साठा असावा. तो गोदामात नव्हे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत असावा, कारण तेथे प्रशीतन व वातानुकूलनाचा अभ्यासक्रम शिकणारी मुले असतात. त्यांनी वर्षभर ती यंत्रे खोलावीत, जोडावीत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चालवावीत. शिक्षणही होईल, यंत्रेही जिवंत राहतील.

तिसरी गोष्ट गोठवण्याची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासे गोठविणारे कारखाने आहेत. सांगली-तासगावच्या परिसरात बेदाण्यासाठी शीतगृहे आहेत. अतिशीत खोलीतील एक कोपरा आपत्तीच्या प्रसंगी कागदपत्रांसाठी मिळावा, असा करार आधीच करून ठेवता येणार नाही काय? पुराचे पाणी घाण असते, तेव्हा खाद्यपदार्थांजवळ ती पुस्तके ठेवू नयेत हे उघड आहे. त्यासाठी बंद पिशव्या आणि वेगळी खोली हवी. परंतु ही अडचण सोडविण्याजोगी आहे, आणि ती पुराच्या दिवशी नव्हे, उन्हाळ्यात बसून सोडवायची असते. चौथी गोष्ट अगदी साधी. प्रत्येक शाळेने, कचेरीने आणि ग्रंथालयाने आपल्याकडील शंभर अत्यंत मोलाच्या वस्तूंची यादी करून त्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवाव्यात. या फळीला वीज लागत नाही.

मोजमापाचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ओलसर घराचा दमा व श्वसनविकारांशी असलेला संबंध नोंदविला. म्हणजे ओल ही केवळ कागदाची आणि भिंतीची गोष्ट नाही. ती छातीची गोष्ट आहे. तरीही आपण ती मोजत नाही. जे मोजले जात नाही त्याची भरपाई होत नाही, आणि ज्याची भरपाई होत नाही ते नुकसान घडलेच नाही असे शासन धरून चालते. गरिबाच्या घराची ओल अशा रीतीने कागदोपत्री कोरडी होते.

आपण पुराशी लढतो म्हणजे पाण्याच्या उंचीशी लढतो. बोटी आणतो, बंधाऱ्यांवरून वाद घालतो, धरणातून किती पाणी सोडले यावर आयोग मागतो. ते सारे आवश्यक आहे. परंतु यंत्र घेतलेल्या त्या घरमालकाप्रमाणे आपणही बादलीकडे पाहत बसलो आहोत. किती मदत वाटली, किती गाड्या आल्या, किती पंचनामे झाले, याने आपली बादली रोज भरते आणि आपण समाधानाने ती ओततो. भिंतीला हात लावून पाहण्याचे मात्र राहून जाते. पुढचा पूर येईल तेव्हा आयर्विन पुलापाशी आकडा पाहायला गर्दी होईलच. पाणी उतरल्यानंतर तीन महिन्यांनी एखाद्या शाळेच्या भिंतीवर हात ठेवून ती कोरडी आहे की ओली, एवढे पाहायला कोणी गेले, तर त्या दिवशी पूर खरोखर ओसरू लागला असे म्हणता येईल.